पॅरललमधल्या बॅटऱ्यांपैकी एकच पुन्हा पुन्हा बसते? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

दोन, तीन किंवा चार १२ व्होल्टच्या बॅटऱ्या पॅरललमध्ये, म्हणजे पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह अशा, जोडल्या. सुरुवातीला बॅकअप छान मिळाला. मग एकाच बॅटरीचं पाणी भराभर उतरू लागलं, ती हाताला गरम लागू लागली आणि शेवटी बसली. ती बदलली, तर त्याच जागची नवी बॅटरीही तशीच बसली. हा बिघाड इतका ठरलेल्या रीतीने येतो, की बॅटरीला दोष देण्याआधी जोडणी बघावी. बहुतेक वेळा मूळ तिथेच सापडतं.

तो लवकर सापडत नाही याचंही कारण आहे. बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या असताना मीटर सगळ्यांवर जवळपास एकच व्होल्टेज दाखवतो. मेलेल्या बॅटरीलाही शेजारची धडधाकट बॅटरी उचलून धरते आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळ्या ठीक आहेत. म्हणून एक नियम पक्का धरा: करंट मोजायचा तो जोडलेल्या असताना, आणि व्होल्टेज मोजायचं ते सुटं करून.

लक्षणं

- बॅटऱ्या दुप्पट केल्या, पण बॅकअप दुप्पट झाला नाही.
- एक बॅटरी गरम, बाकीच्या थंड.
- एकाच बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वारंवार घालावं लागतं.
- एखाद्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमते, किंवा लगजवळचं (लग म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेली धातूची चपटी कडी) वायरचं आवरण मऊ पडलेलं, काळवंडलेलं असतं.
- चार्जर तासन् तास चालतो, पण बॅटरी भरल्याचं दाखवतच नाही.
- शेवटची वायर लावताना जोराची ठिणगी पडते.
- लिथियम असेल तर एका बॅटरीचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं, धोका दिसला की करंट तोडणारं सर्किट) आधी कापतं आणि काही क्षणांत दुसरीही बंद होते.

यातलं एकही लक्षण दिसलं तर खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमाने करा. पहिल्या दोनांना फक्त डोळे, कागद आणि पेन लागतं.

हात लावण्याआधी

अंगठी, कडं, साखळी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन पोलांमध्ये धातू अडकला तर तो लाल होईपर्यंत तापतो, आणि बोटात अडकलेली अंगठी झटकन निघत नाही. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा घाला, खिडक्या उघडा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. त्यामुळे क्रम कायम हाच: आधी चार्जर बंद, मग लोड बंद, मग थोडा वेळ जाऊ द्या आणि त्यानंतरच निगेटिव्हची वायर सोडवा. इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरी परत लावताना निगेटिव्ह शेवटी. ॲसिड डोळ्यांत उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

१. लेबलं वाचा

प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज, प्रकार, अँपिअर-अवर आणि तयार झाल्याची तारीख कागदावर उतरवा. व्होल्टेज सारखं हवं, ही अट मोडताच येत नाही. प्रकारही सारखा हवा. पाणी घालायची ट्यूब्युलर, सीलबंद एजीएम, जेल आणि लिथियम यांना चार्जिंगचं व्होल्टेज वेगवेगळं लागतं. एकाच चार्जरवर एकीला कमी पडणार, दुसरीला जास्त होणार.

अँपिअर-अवर वेगळे असले तर? एकाच प्रकारच्या, एकाच वयाच्या १०० आणि १५० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या साधारण आपापल्या ताकदीप्रमाणे लोड वाटून घेतात. चालतं, पण मुद्दाम करू नये. त्याहून घातक म्हणजे जुनीच्या बाजूला नवी लावणं. जुनीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे लोडचा मोठा वाटा नवीवर येतो. भरल्यावर मात्र जुनी गळत राहते आणि नवी तिला रात्रंदिवस पोसते. तारखांमध्ये वर्षापेक्षा जास्त फरक दिसला की संशयाची पहिली जागा मिळाली.

२. मुख्य वायरी कुठून निघतात ते कागदावर काढून बघा

सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच, आणि दुरुस्तीला एक वायर हलवण्यापलीकडे काही लागत नाही.

बॅटऱ्या ओळीत ठेवलेल्या असतात. पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ते निगेटिव्ह असे जंपर, म्हणजे आखूड जोडवायरी, लावलेले असतात. इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या दोन्ही मुख्य वायरी मात्र सोयीसाठी पहिल्याच बॅटरीवर लावल्या जातात. दिसायला ते नीटनेटकं दिसतं. पण पहिल्या बॅटरीच्या वाटेत एकही जंपर नाही आणि चौथीच्या वाटेत जाता-येता मिळून सहा. जंपरचा रोध मिलिओहममध्ये असतो हे खरं, पण बॅटरीचा अंतर्गत रोधही मिलिओहममध्येच असतो, म्हणून तो नगण्य धरता येत नाही.

हिशेब करून बघा. चार बॅटऱ्या, प्रत्येकीचा अंतर्गत रोध १० मिलिओहम, प्रत्येक जंपर सांध्यांसकट अर्धा मिलिओहम आणि एकूण लोड १०० अँपिअर. दोन्ही वायरी पहिल्या बॅटरीवर असतील तर वाटा असा पडतो: ३२.६, २५.९, २१.७ आणि १९.८ अँपिअर. पहिली बॅटरी चौथीच्या दीडपटीहून जास्त राबते. चार्जिंगलाही पहिला घास तीच घेते. पहिली जास्त वापराने झिजते आणि शेवटची नेहमी अर्धपोटी राहून सल्फेशनने (प्लेटांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसून) कडक होते. एकाच चुकीचे दोन वेगळे बळी.

आता फक्त मुख्य निगेटिव्ह वायर पहिल्या बॅटरीवरून काढून चौथीच्या निगेटिव्हवर लावा. पॉझिटिव्ह पहिलीवरच राहू द्या. त्याच रोधांवर वाटा होतो २६.२, २३.८, २३.८, २६.२. बॅटऱ्या दोनच असतील तर अशा तिरक्या जोडणीत वाटणी अगदी समान पडते. तीन किंवा जास्त असतील आणि जागा असेल, तर प्रत्येक बॅटरीपासून बसबारपर्यंत (सगळ्या वायरी एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत) सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या वायरी नेणं सर्वांत चांगलं. जवळच्या बॅटरीची वायर लांब वाटली म्हणून कापू नका. गुंडाळी राहिली तरी राहू द्या, पण लांबी सारखी ठेवा.

जंपरही एकाच जाडीचे आणि एकाच लांबीचे हवेत. तीन जाड आणि एक घरात पडलेला बारीक, अशी जोडणी तिरकी करूनही सुधारत नाही.

३. सांधे तपासा

आधी सगळं बंद करून एकेक लग हाताने हलवून बघा. जराही हलला तर तो सांधा सैल आहे. शिसं मऊ असतं, दाबाखाली हळूहळू दबतं, म्हणून घट्ट आवळलेला नटही काही आठवड्यांत ढिला पडतो. नव्या जोडणीनंतर महिनाभराने पुन्हा आवळून घ्यायचा तो यासाठीच. जोर किती लावायचा ते बॅटरीच्या माहितीपत्रकात असतं. त्यापेक्षा जास्त लावलात तर पोल मुळाशी फिरतो आणि तिथून ॲसिड झिरपू लागतं.

नट काढलाच आहे तर वॉशरचा क्रम नक्की बघा. लगचा चपटा भाग थेट पोलाच्या पृष्ठभागावर टेकला पाहिजे. त्याच्यावर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. कित्येक ठिकाणी पोल आणि लग यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर सापडतो. वरून काहीच कळत नाही, नट घट्ट, लग हलत नाही. पण सगळा करंट त्या स्टीलच्या चकतीतून जातो आणि चकतीभोवती लगवर निळसर-तपकिरी कडं उमटलेलं असतं. चकती काढा, पोल आणि लग वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, जोडा, आवळा आणि मग वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. व्हॅसलीन आधी नाही, सांधा बसल्यावर. पांढरी-हिरवी पूड असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मात्र झाकणं घट्ट लावलेली असू द्या. सोडा सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिडच मारतो.

आता मीटरने खात्री करा. साधारण ५० ते ८० अँपिअरचा लोड चालू ठेवा. अंदाजासाठी, १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर १००० वॅटचा लोड टाकला तर तूट धरून बॅटरीतून १०० अँपिअरच्या आसपास जातात. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक पोलाच्या शिशावर, दुसरं लगवर. चांगला सांधा दोन-चार मिलिव्होल्ट दाखवतो. २० च्या वर गेला तर तो उघडून साफ करा. ८० अँपिअरला ८० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम, म्हणजे एवढ्याशा नटाखाली ६.४ वॅट उष्णता, सतत. त्याच पद्धतीने लग आणि वायरच्या तांब्यामध्येही मोजा, कारण पक्कडीने चेपून बसवलेला लग आतून सैल असू शकतो. तो आवळून सुधारत नाही, योग्य क्रिम्पिंग टूलने नवा बसवावा लागतो.

लोड चालू असताना नटाला पाना लावू नका. फक्त मोजायचं. दुरुस्ती सगळं बंद करून.

४. प्रत्येक बॅटरीचा करंट मोजा

इथे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. फक्त एसीचा असेल तर त्याचा आकडा इथे कामाचा नाही. मोजण्याआधी जबडा रिकामा ठेवून शून्य करून घ्या.

मधल्या बॅटरीच्या पोलावर दोन जंपर येतात. दोन्ही एकत्र जबड्यात घ्या, दोन्हींची पोलापासून बाहेर जाणारी दिशा एकच ठेवून. एका जंपरमधून आत आलेला आणि दुसऱ्यातून बाहेर गेलेला करंट एकमेकांना काटतात आणि उरतो तो त्या बॅटरीचा स्वतःचा वाटा. टोकाच्या बॅटरीवर मुख्य वायरही त्याच जबड्यात घ्यावी लागते. एकेका वायरीचा आकडा वेगळा लिहून घेतलात तर फसाल.

एकदा लोडवर मोजा, एकदा चार्जिंगवर. सारख्या बॅटऱ्यांमध्ये १० टक्क्यांच्या आतबाहेर फरक असेल तर मनावर घेऊ नका. एखादी निम्मा वाटाही देत नसेल आणि दुसरी व तिसरी तपासणी झालेली असेल, तर त्या बॅटरीतच दोष आहे. चार्जिंगच्या शेवटी बाकीच्यांचा करंट एक-दोन अँपिअरवर उतरलेला असताना एकच बॅटरी मोठा करंट ओढत राहिली, तर ती आतून खराब होत चालली आहे. चार्जर कधीच पूर्ण भरल्याचं दाखवत नाही, त्यामागे बहुधा हीच असते.

५. सुट्या करा, निवांत ठेवा, मग व्होल्टेज

सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून एकमेकींपासून वेगळ्या करा आणि १२ ते २४ तास तशाच ठेवा. चार्जरवरून काढल्या काढल्या दिसणारं व्होल्टेज वरवरचं असतं, ते उतरायला वेळ लागतो. त्यानंतर पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, एजीएम १२.८ किंवा थोडं वर. १२.२ च्या जवळ म्हणजे अर्धी भरलेली. शक्य असेल तर आठवडाभराने पुन्हा मोजा. बाकीच्या जागेवर असताना एकच खाली आली असेल तर ती स्वतःतच गळते आहे.

१०.५ ते १०.७ च्या आसपास आकडा आला तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे. अशी बॅटरी पुन्हा पॅरललमध्ये लावू नका, चार दिवसांसाठीही नाही. १४.४ व्होल्टच्या चार्जिंगला धडधाकट बॅटरीच्या प्रत्येक सेलला २.४ व्होल्ट मिळतात. पाचच सेल जिवंत असतील तर तेच व्होल्टेज पाचांत वाटलं जातं, म्हणजे सेलला २.८८. ती उकळते, पाणी आटतं, तापते, तापली की आणखी करंट ओढते. चार्जर बंद केला तरी शेजारच्या बॅटऱ्या तिच्यात करंट ढकलतच राहतात. आगी लागतात त्या इथून.

पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावून सहाही सेल पाहा. पूर्ण चार्जला आकडा किती असावा हे मॉडेलप्रमाणे बदलतं, ते लेबलवर असतं. खरं बघायचं ते सेलमधलं अंतर. पाच सेल १२४० आणि एक ११८०, म्हणजे तो सेल गेला. अंतर ३० च्या आसपास असेल तर लांब चाललेल्या इक्वलायझिंग चार्जने (सगळे सेल एका पातळीवर यावेत म्हणून मुद्दाम दिलेला जादा चार्ज) सुधारण्याची आशा असते. हा चार्ज फक्त पाण्याच्या बॅटरीला द्यायचा. सीलबंद किंवा लिथियमला कधीही नाही.

६. पुन्हा जोडताना

बरीच रिकामी झालेली आणि पूर्ण भरलेली बॅटरी थेट जोडली की भरलेली रिकामीत ओतू लागते. ०.८ व्होल्टचा फरक, दोन्हींचे रोध ५-५ मिलिओहम, वायर-सांधे २ मिलिओहम: पहिल्या क्षणी ६५ अँपिअरच्या वर. लेड-ॲसिडमध्ये हा झटका लवकर ओसरतो. लिथियममध्ये रोध कमी असल्याने तो मोठा असतो आणि बीएमएस कापू शकतं.

म्हणून आधी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी, एकाच चार्जरवर पूर्ण भरा. लेड-ॲसिडमध्ये निवांत व्होल्टेजचा फरक ०.१ व्होल्टच्या आत आला की जोडता येतात. लिथियम फॉस्फेटमध्ये या आकड्यावर विसंबू नका. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात १३.२ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे ०.१ व्होल्टच्या आत चार्जमधला खूप मोठा फरक लपतो. ती पूर्ण भरूनच जुळवायची.

सगळे निगेटिव्ह आधी एकत्र जोडा. पॉझिटिव्हचा जंपर एका टोकाला लावा आणि दुसरं टोक लावण्याआधी ते टोक आणि पुढचा पॉझिटिव्ह पोल यांमध्ये व्होल्टमीटर धरा. शून्याच्या जवळ हवं. तिथे २५ व्होल्टच्या आसपास दिसले तर एक बॅटरी उलटी आहे. त्या अवस्थेत जंपर टेकवला तर वरच्याच रोधांवर २००० अँपिअर होतात, आणि पोल वितळायला क्षणही लागत नाही. हे मोजायला पाच सेकंद लागतात. ते कधीही वगळू नका.

फरक थोडा राहिलाच असेल तर जंपरऐवजी १२ व्होल्ट ५५ वॅटचा गाडीचा हेडलाइट बल्ब मध्ये लावून काही तास ठेवा. बल्ब करंट अडवून धरतो आणि व्होल्टेज हळूहळू जुळतं. मग बल्ब काढून जंपर लावा.

७. फ्यूज आणि चार्जर

मुख्य वायरीत एक फ्यूज असतो आणि लोकांना तेवढा पुरेसा वाटतो. पण एक बॅटरी आतून शॉर्ट झाली तर बाकीच्या तिच्यात ओततात, आणि तो करंट मुख्य फ्यूजमधून जातच नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ स्वतंत्र डीसी फ्यूज हवा. घरातल्या बोर्डवरचा एसीचा एमसीबी इथे चालत नाही, डीसीचा आर्क (हवेतून वाहत राहणारी ठिणगी) तो विझवू शकत नाही. लिथियमला जास्त शॉर्ट-सर्किट करंट तोडू शकणारा क्लास टी फ्यूज लावावा. फ्यूज त्या बॅटरीच्या कमाल करंटपेक्षा थोडा वर आणि वायरीच्या क्षमतेच्या खाली.

चार्जरचंही गणित तपासा. पाण्याच्या लेड-ॲसिडला साधारण अँपिअर-अवरच्या १० टक्के करंट लागतो. १५० च्या दोन झाल्या की ३०० अँपिअर-अवर, म्हणजे ३० अँपिअर. चार्जर एका बॅटरीपुरता १५ अँपिअरचाच राहिला असेल आणि भरायला वेळ तेवढाच मिळत असेल, तर दोन्ही रोज अपुऱ्या भरतात.

लिथियममध्ये किती बॅटऱ्या पॅरलल चालतात ते निर्माता ठरवतो, तो आकडा ओलांडू नका. आणि १०० अँपिअरची दोन बीएमएस मिळून २०० अँपिअर मिळतील हा हिशेब धरू नका. वाटणी थोडी जरी असमान झाली तरी एक आधी कापतं, सगळा लोड दुसरीवर पडतो आणि तीही कापते.

कुठे थांबायचं

बॅटरी फुगली आहे, तडकली आहे, सडक्या अंड्यासारखा वास येतो आहे, आतून फसफस ऐकू येते आहे किंवा हात टेकवत नाही इतकी तापली आहे: यातलं काहीही असेल तर पाना खाली ठेवा. चार्जर आणि लोड लांबच्या स्विचवरून बंद करा, हवा खेळती ठेवा, माणसांना दूर करा. गरम बॅटरीची वायर घाईने ओढू नका. ठिणगी पडायची ती तिथेच पडेल. ती थंड झाल्यावरही सोडवण्याचं काम जाणकाराचं.

४८ व्होल्टच्या किंवा त्यावरच्या बँकेत, जिथे सिरीजच्या (एकामागे एक जोडलेल्या बॅटऱ्यांच्या) ओळी पॅरललमध्ये आहेत, स्वतः नट सोडवू नका. तिथला डीसी आर्क १२ व्होल्टपेक्षा कितीतरी चिवट असतो. लिथियमचं कव्हर उघडणं, बीएमएस बायपास करणं, इन्व्हर्टरच्या आतली वायरिंग, वितळलेली मुख्य केबल, हेही तंत्रज्ञावर सोडा. आणि सातही तपासण्या करून महिनाभरात तेच लक्षण परत आलं, तर नवी बॅटरी आणण्याआधी त्यांना बोलवा. ते आले की त्यांच्या हातात तुमचा कागद द्या: लेबलांच्या तारखा, वायरिंगचं चित्र, लोडवर आणि चार्जिंगवर प्रत्येक बॅटरीचा करंट, सुटं केल्यावरचं व्होल्टेज आणि ते किती तासांनी घेतलं.